चौदा नंबरची फुलं

एर्सीलियाने पोस्टात चौतीस वर्षं काढली होती. पत्रं निवडता निवडता तिला माणसांचे हात ओळखायची सवय जडली. पाकिटावरचा पत्ता पाहिला की पाठवणाऱ्याचं नाव वाचावं लागत नसे. म्हणूनच निवृत्तीनंतरच्या पहिल्या वसंतात, इटलीतल्या नोवे गावच्या रविवारच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात तिने चिनीमातीची एक ताटली उचलून उन्हात धरली आणि महिन्याभराने तशीच दुसरी, तेव्हा तिला लगेच कळलं की हा हात एकच आहे.

पांढऱ्या झिलईवर एक पॉपी, दोन ट्यूलिप, आणि कडेला सुटून पडलेली एक पाकळी. रंगवणाऱ्याचं नाव नव्हतं. ती बनली त्या नदीकाठच्या कारखान्यात नाव घालायची पद्धतच नव्हती. पाठीमागे रंगवणाऱ्याचा बारीक निळा आकडा तेवढा होता, चौदा.

सात वर्षांत चौदा नंबरच्या त्रेचाळीस ताटल्या तिच्या घरी आल्या. स्वयंपाकघराच्या भिंती भरल्या, मग जिना, मग झोपायची खोली. सकाळी ब्रेंता नदीवरचं धुकं खिडकीशी विरळ व्हायला लागलं की भिंतीवरची फुलं हलल्यासारखी दिसत. अर्धवट जागी असलेली एर्सीलिया तशीच पडून राहायची. कुणीतरी आत्ताच कुंचला खाली ठेवून बाहेर गेलंय, खोलीत अजून त्याच्या असण्याची ऊब आहे, असं तिला वाटायचं. तिने लग्न केलं नव्हतं. या चौदा नंबरला मात्र तिने हळूहळू पुरं माणूस करून टाकलं होतं: उंच, अबोल, एकटा, खिडकीशी पाठ करून बसणारा. कधी कधी ती त्याला दिवसभरातलं सांगायचीसुद्धा.

मार्चमधल्या एका रविवारी बाजारातल्या एका विक्रेत्याने, बोर्तोलोने, तिला हटकलं. सगळं सोडून तुम्ही हाच आकडा का शोधता, असं त्याने विचारलं. तिने हाताचं सांगितलं. त्याने ताटली उलटी केली, चष्मा कपाळावर सरकवला आणि अगदी सहज म्हणाला, "चौदा म्हणजे ओदिल्ला. माझी आई त्या कारखान्यात भट्टीवर होती, येता-जाता या ओदिल्लाचं नाव तिच्या तोंडात. आहे की अजून. टेकडीवर नन्सच्या वृद्धाश्रमात असते. डोळे तेवढे गेलेत."

यानंतर महिनाभर एर्सीलिया टेकडीकडे फिरकली नाही. इतकी वर्षं भिंतीवर राहिलेलं माणूस खुर्चीवर बसलेलं बघायचं म्हणजे तिला धास्तीच वाटत होती. शेवटी एप्रिलमध्ये तिने तीन ताटल्या टॉवेलात गुंडाळल्या आणि बस पकडली.

ओदिल्ला अंगणात, जांभळ्या फुलांच्या वेलीखाली बसली होती. बुटकी, गुबगुबीत, गुडघ्यांवर शाल, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. एर्सीलिया पोस्टात होती हे कळताच तिने विचारलं, "म्हणजे माझ्या बहिणीचं नाताळचं कार्ड इस्टरला आणून टाकणारी तूच का ती?" एर्सीलियाने पहिली ताटली तिच्या मांडीवर ठेवली.

म्हातारीची बोटं कडेवरून फिरली आणि फुलावर येऊन थांबली. झिलईवर दिलेला रंग भाजल्यावर किंचित उंच राहतो. डोळ्यांना ते जाणवत नाही, बोटांना जाणवतं. "माझी," ती म्हणाली. दुसरी ताटलीही तिचीच निघाली. तिसरीवर तिची बोटं गेली, परत आली, पुन्हा गेली.

"ही कुठे मिळाली तुला?"

"बाजारात. का हो?"

"ही देल्फीनाची आहे."

एर्सीलियाने ताटली उलटून आकडा पाहिला. चौदाच होता. तसं तिने सांगितलं.

"आकडा माझाच गं. हात तिचा. मी पाकळी बाहेरून आत ओढायची, ती आतून बाहेर. बघ, तिचा रंग कडेला साचलाय." तिने एर्सीलियाचं बोट धरून फुलावर टेकवलं. आधी काहीच लागलं नाही. मग पाकळीच्या टोकाशी एक बारीकसा उंचवटा लागला.

मग ओदिल्लाने सगळं सांगितलं. कारखान्यात दोघी समोरासमोर बसायच्या. देल्फीनाचं लग्न झालं आणि मालकाने तिला घरी बसवलं, कारण लग्न झालेली बाई तिथे चालत नसे. पण फुलांशिवाय तिचे हात शिवशिवायचे. तेव्हा ओदिल्ला संध्याकाळी कोऱ्या ताटल्या सायकलच्या टोपलीत घालून तिच्याकडे पोचवायची आणि सकाळी रंगवलेल्या घेऊन यायची. रंग भाजलेला नसायचा, बोट लागलं तरी पुसला जायचा. म्हणून ती नदीकाठच्या रस्त्याने चालण्याच्या वेगाने सायकल हाकायची, आणि पोरं मागून ओरडायची की गोगलगाय पुढे गेली. एकदा देल्फीनाच्या कुंचल्यातून थेंब सांडला. तिने त्याची गळलेली पाकळी करून टाकली. कुणाला संशय नको म्हणून ओदिल्लाही त्या दिवसापासून आपल्या प्रत्येक ताटलीवर एक पाकळी गाळायला लागली. नऊ वर्षं हे चाललं. मुकादम मात्र ओदिल्लाच्या हाताला किती उरक आहे म्हणून कौतुक करत राहिला. मग देल्फीना नवऱ्याबरोबर ऑस्ट्रेलियाला गेली. काही वर्षं पत्रं आली, पुढे तीही थांबली.

त्या दिवशी घरी आल्यावर एर्सीलियाने दिवे लावले नाहीत. तो उंच, अबोल माणूस खोलीतून निघून गेला होता, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचं वाईट वाटलं. मग तिने डोळे मिटले आणि भिंतीवरच्या ताटल्यांवरून एकेक करून बोट फिरवायला सुरुवात केली. काही कळल्या, बऱ्याचशा कळल्या नाहीत.

पुढच्या तीन गुरुवारी शेजाऱ्याच्या गाडीतून तिने सगळ्या ताटल्या टेकडीवर नेल्या. ओदिल्ला एकेक मांडीवर घेऊन निवाडा द्यायची. चोवीस निघाल्या देल्फीनाच्या. उशाशी लावलेल्या, एर्सीलियाच्या सर्वांत लाडक्या चारही तिच्याच. "माझ्यापेक्षा सरस होती ती," ओदिल्ला म्हणाली. "मुकादमाला नाही कळलं, तुला कळलं."

एर्सीलियाने रात्रभर विचार करून ठरवलेलं एका दमात सांगून टाकलं: देल्फीनाच्या सगळ्या ताटल्या तुम्ही ठेवा.

"आंधळीच्या भिंतीवर टांगतेस होय?" म्हातारी म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "एकच दे. खोलगट. हजारो रंगवल्या आम्ही, पण घरात एकही नव्हती. तडा गेलेल्या मालक फोडून टाकायचा. मला त्यात एकदा सूप प्यायचंय."

एर्सीलियाच्या घरी या ताटल्यांना ओलं फडकंसुद्धा लागत नसे. तरी तिने उशाजवळची ट्यूलिपची खोलगट ताटली निवडली आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन ननकडून त्यात गरम सूप वाढून घेतलं. वाटाणे आणि तांदळाचं होतं, वरून चीज किसलेलं. तिथल्या रोजच्या प्लास्टिकच्या वाडग्याची सवय असलेल्या ननने दोनदा विचारलं, फुटली तर?

ओदिल्ला हळूहळू खात होती. चमचा झिलईवर घासला की एर्सीलियाच्या अंगावर काटा यायचा. तळाशी आल्यावर म्हातारीने चमचा बाजूला ठेवला, ब्रेडच्या तुकड्याने ताटली निपटून घेतली आणि बोटांनी फुलं चाचपली. फुलं अजून गरम होती.

"देल्फीना गाताना बेसूर व्हायची," ती म्हणाली. "हे तुला सांगितलं का?"

नव्हतं सांगितलं. एर्सीलियाने खुर्ची जवळ ओढली. ओदिल्ला सांगत राहिली, देल्फीनाच्या गाण्यांचं, तिच्या लाल बुटांचं, आणि सांगता सांगताच उन्हात तिला डुलकी लागली, मान कलली. एर्सीलियाने तिच्या मांडीवरची ताटली अलगद उचलली आणि आत जाऊन नळाखाली धरली.