आत्मटीका

पहिल्या वर्गात पातळ पुस्तिका वाचायच्या आणि मान डोलवायची. वरच्या वर्गात मात्र मार्क्सचा जाड ग्रंथ, आणि नियम एकच: पुस्तकातलं उदाहरण चालणार नाही, आपल्या कामावरचं द्या. नियम काकांचा. काका म्हणजे आमचं अभ्यासमंडळ चालवणारे, छापखान्यातून निवृत्त झालेले.

मी आणि माझी भावजय, दोघी एकदमच वरच्या वर्गात गेलो. मला ते जरा झोंबलंच. हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत मी मुकादम, ती माझ्या हाताखाली इस्त्रीवर. अभ्यासात बरोबरी म्हणजे काय!

पहिल्याच दिवशी धडा निघाला कामाच्या तासांचा. मालक सुट्टीतली मिनिटं कशी चोरतो, तो. जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा मीच देते, आणि मालकाची मर्जी राहावी म्हणून रोज थोडी आधीच देते. बायका तोंडात घास कोंबून उठतात.

"तुमच्या लाँड्रीत कसं आहे?" काकांनी नेमकं भावजयीलाच विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आमच्याकडे नाही हो तसलं काही. आमच्या वन्संच मुकादम आहेत ना. सुट्टी पुरेपूर मिळते."

सगळे माझ्याकडे कौतुकाने बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने माझी लाज झाकली होती, आणि तेच मला सोसवेना.

"खोटं बोलतेय ती," मी उभी राहिले. "घंटा मी लवकर देते." मग मालकाच्या मर्जीसकट सगळं सांगून टाकलं.

मग टाळ्या.

"याला म्हणतात आत्मटीका!" काकांनी पाठ थोपटली. "धाडस लागतं त्याला." मग ते भावजयीकडे वळले. "ताई, नात्यापायी खोटं बोललात. तुम्ही अजून थोडे दिवस पहिल्या वर्गातच बसलेलं बरं."

तिचे कान लाल झाले. तिने ग्रंथ मिटून टेबलावर ठेवला, पिशवी उचलली. "निघताना हाक मारा हं वन्सं, बरोबर जाऊ," म्हणाली आणि शेजारच्या खोलीत, पहिल्या वर्गात जाऊन बसली.

चोरी माझी, शिक्षा तिला. 'ती जाणार असेल तर मीही जाते,' एवढंच म्हणायचं होतं. ओठांवर आलंही होतं. पण टाळ्या अजून कानात होत्या, काकांनी पुढचं पान काढलं होतं, आणि वाचायची पाळी माझी होती.

मी वाचायला लागले.