नायाच्या शाळेचा फॉर्म

खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत गुरुवारी दुपारी दोनला संपणार होती, आणि मंगळवारी सकाळी रॉन हवेल्का कॉफीचा कप हातात घेऊन आपल्याच बायकोभोवती घुटमळत होता. अमेरिकेतल्या ओमाहा शहराच्या बास्केटबॉल संघात कोण राहणार, कोण जाणार हे ठरवणारा मॅनेजर हा; अठ्ठावन्न वर्षांचा, सहा फूट तीन इंच. पण त्या सकाळी त्याचा सगळा रुबाब स्वयंपाकघराच्या दाराबाहेरच राहिला होता.

प्रश्न लेव्हॉन प्रुइटचा होता. लेव्हॉन म्हणजे संघाचा जीव. त्याचा करार उन्हाळ्यात संपत होता. मग तो मोकळा. हवं तिकडे जाईल आणि ओमाहाच्या हातात भोपळा देईल. आत्ताच दुसऱ्या संघाला दिला, तर बदल्यात दोन तरुण खेळाडू तरी पदरात पडतील. सॅन दिएगोवाले तर गळ टाकूनच बसले होते. सगळं एकाच गोष्टीवर अडलं होतं: गडी राहणार की जाणार?

खरं तर त्यात अडण्यासारखं काही नव्हतं. जानेवारीत रॉनने त्याला समोर बसवून सरळ विचारलं होतं.

"बॉस, मी राहतोय," लेव्हॉन म्हणाला होता. "उन्हाळ्यात कागद आणा, सही करतो. शेरीसलाही इथलं आवडतं. थंडी सोडून."

इतकं स्वच्छ उत्तर. पण चार वर्षांपूर्वी असंच एकाने रॉनला मिठी मारून, आईची शपथ घेऊन सांगितलं होतं, आणि जुलैत तो समुद्रकिनाऱ्यावरच्या संघात पळाला. बदल्यात काही म्हणजे काही मिळालं नाही. गावाने रॉनला सळो की पळो करून सोडलं. न्हाव्याने केस कापता कापता तासभर सुनावलं. तेव्हापासून त्याने कानाला खडा लावला होता. खेळाडूच्या शब्दावर जायचं नाही, खाणाखुणा बघायच्या. घर विकायला काढलंय का, बायको माहेरी किती दिवस राहते, असलं सगळं. या धंद्यात त्याला दूरदृष्टी म्हणतात. साध्या माणसांत भोचकपणा म्हणतात.

आणि लेव्हॉन-शेरीस या जोडप्याची सात वर्षांची मुलगी नाया ज्या खाजगी शाळेत जायची, तिथल्या प्रवेशाच्या टेबलावर नेमकी रॉनची बायको जोआन बसत होती. पुढच्या वर्षाची जागा राखायचा फॉर्म जानेवारीअखेर द्यावा लागे.

"प्रुइटांचा फॉर्म आला का गं?" रॉनने शेवटी विचारलंच.

"ते मी सांगू शकत नाही. माहितीये ना तुला."

"सांगू नकोस. नुसती मान हलव."

"रॉन, लोक विश्वासाने कागद देतात आमच्याकडे."

"आणि परत चार वर्षांपूर्वीसारखं झालं तर? मला या गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, जोआन."

जोआनने पुसलेली बशी पुन्हा पुसली. चार वर्षांपूर्वीचा रॉन तिने पाहिला होता. तेव्हा तो महिनाभर जेवणाच्या टेबलावर एक शब्द बोलत नसे.

"नाही आला," ती हळूच म्हणाली. "फोन केला तर शेरीस म्हणाली, नाया पुढच्या वर्षी येणार नाही. कारण मी विचारलं नाही. ते विचारायचं नसतं."

रॉनने तरी कुठे विचारलं? त्याला हवं ते मिळालं होतं. खोटं कशाला सांगा, त्याला बरंच वाटलं. समोरचा खोटारडा निघाला की आपला संशय शहाणपणा ठरतो.

गुरुवारी दीड वाजता त्याने सॅन दिएगोला होकार कळवला. मालकाने बिचाऱ्याने एवढंच म्हटलं, "तू म्हणशील तसं, रॉन." लेव्हॉनला आधी स्वतः सांगायला हवं होतं, पण रॉन शब्द जुळवत बसला आणि बातमी फुटली. लेव्हॉनला ती एका सहकाऱ्याच्या फोनवर वाचायला मिळाली, गुडघ्याला बर्फ बांधून बसला असताना.

शुक्रवारी दुपारी जोआनने जर्दाळूचा गर भरलेले गोड पाव, कोलाचे, ताटात घेतले. "निरोप द्यायला जायचं," ती म्हणाली. "तोंड लपवून घरी बसायचं नाही."

प्रुइटांच्या घरात खोकी पसरली होती. लेव्हॉनला संध्याकाळचं विमान होतं. शेरीसने कॉफी दिली, कोलाचे चाखले, चांगले झालेत म्हणाली. तिचे डोळे सुजले होते.

"नायाची समजूत पटत नाहीये," ती जोआनला म्हणाली. "कोपऱ्यावरच्या सरकारी शाळेत जायचं म्हणून दप्तरसुद्धा निवडून ठेवलं होतं तिने."

"सरकारी शाळेत?" जोआनने विचारलं.

"शेजारची सगळी पोरं तिथेच जातात ना. आम्ही म्हटलं, आता इथलेच झालो, तर तिला गाडीत घालून अर्धा तास लांब कशाला धाडायचं?"

रॉनने हातातला अर्धा कोलाचा ताटात परत ठेवला.

लेव्हॉनला वाटलं, याला वियोगाचं दुःख झालंय. त्याने रॉनच्या खांद्यावर हात ठेवला. "बॉस, मनाला लावून घेऊ नका. वरून दबाव आला असणार. मालक लोक कसे असतात, मला काय ठाऊक नाही?"

खरं बोलायला एवढी मोकळी जागा त्याला पुन्हा मिळणार नव्हती.

"हो," रॉन म्हणाला. "मालकांपुढे माझं काही चाललं नाही."

जोआनने कप खाली ठेवला. "खोटं बोलतोय तो, लेव्हॉन. नायाचा फॉर्म आला नाही हे मी त्याला सांगितलं. त्यावरून त्याने ठरवलं."

"मिस जोआन," शेरीस म्हणाली, "मी तुमच्याशी विश्वासाने बोलले होते."

"हो गं. सोमवारी मुख्याध्यापिकेला सगळं सांगणार आहे. पुढे त्या म्हणतील ते." जोआन रडू लागली. रॉनला रडूही आलं नाही.

लेव्हॉनने खांद्यावरचा हात काढून घेतला. "एका फॉर्मवरून?"

"चार वर्षांपूर्वी तो..." रॉनने सुरुवात केली.

"तो मी नव्हतो. मला विचारायचं होतं, बॉस."

"विचारलं होतं," रॉन जेमतेम म्हणाला.

"हो. आणि मी सांगितलं होतं."

यापुढे बसण्यात अर्थ नव्हता. बाहेर पायऱ्यांवर बर्फ साचला होता. लेव्हॉनने जोआनला कोट घातला, तिचा हात धरून तिला गाडीपर्यंत पोचवायला गेला. रॉन दाराशी काढलेले बूट शोधत होता, तेव्हा नाया जिन्यावरून खाली आली.

"तुम्हीच पाठवताय ना आम्हाला?" तिने विचारलं.

"हो," रॉन म्हणाला. त्या आठवड्यात त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलं खरं उत्तर.

"का?"

पत्रकारांना तो या प्रश्नाचं उत्तर दोन दिवस न अडखळता देत होता. भविष्य, समतोल, तरुण रक्त. शेरीस दारात उभी राहून ऐकत होती. नाया वाट बघत होती. त्या सात वर्षांच्या पोरीला सांगता येईल असं एकही कारण त्याच्याजवळ नव्हतं. तो बुटाची नाडी बांधायला खाली वाकला, नाडी बांधून झाली, तरी त्याला मान वर करवेना.