भिंतीकडे तोंड केलेला तक्ता

मी अक्षरांचा तक्ता बोलतोय. तुकड्यातुकड्यांनी बोलतोय, सांभाळून घ्या.

छापखान्यातून निघालो तेव्हा अखंड होतो. गुळगुळीत अंग, प्रत्येक अक्षराशेजारी एक चित्र. बालवर्गात आलो आणि बाईंनी मला छताजवळच्या खिळ्यावर टांगलं. मुलांचे हात लागून खराब होऊ नये म्हणून. पालीची तेवढी सोय झाली.

रोज सकाळी बाई माझ्याकडे पाठ करून उभ्या राहत. नजर मुलांवर, आणि लांब छडी खांद्यावरून मागे नेऊन अंदाजाने टकटक. मुलं एका सुरात, "क कमळाचा, ख खटाऱ्याचा." कुणी खिडकीकडे बघे, कुणी शेजाऱ्याच्या डब्याकडे. माझ्याकडे बघायची गरजच नव्हती. बाई समाधानी होत्या. माझा जीव मात्र टांगणीला. मला कधी कुणी वाचणार की नाही?

सुट्टीत भिंती रंगवल्या. रंगाऱ्याने मला परत टांगलं, ते तोंड भिंतीकडे करून. शाळा उघडली, छडी माझ्या कोऱ्या पाठीवर टकटकली, आणि वर्गाने एकही चूक न करता सगळी अक्षरं म्हणून दाखवली.

दारातून मोठ्या बाई म्हणाल्या, "झकास. पालकसभेत हेच घ्या." वर त्यांनीही पाहिलं नाही.

त्या गेल्या आणि एक मुलगी म्हणाली, "बाई, तिथे काहीच नाहीये."

हिला सारख्या शंका, म्हणून बाई तिला शंकासुर म्हणत. "गप्प बस गं शंकासुरा. सगळे म्हणतायत ना?"

"म्हणतायत. पण तिथे काहीच नाहीये."

बाई वळल्या. त्यांनी वर पाहिलं. मग मला उतरवून जमिनीवर पसरलं आणि मधल्याच एका अक्षरावर बोट ठेवलं. "हे कोणतं?"

सगळ्यांनी 'क'पासून सुरुवात केली.

बाईंनी छडी बाजूला ठेवली. "मला वाटायचं, यांना येतंय."

दुपारी त्यांनी कात्री काढली. मोठ्या बाई धावत आल्या. "अहो, तक्ता कापलात? पालकांना काय दाखवणार?"

"अजून येत नाही, हे दाखवीन. मग शिकवीन."

आता मी बिस्किटांच्या डब्यात असतो. दिवसभर सळसळतो. मुलं मला उपसतात, भांडतात, एकाने तर चाटूनही पाहिलं. बाई खाली बसून विचारतात, तुझ्या नावातलं कुठलं? शंकासुराने आपलं पहिलं अक्षर खिशातून घरी नेलंय. बाईंनी मागितलं की म्हणते, "आजीला अजून दाखवतेय."

त्या तुकड्यावाचून मला चैन नाही. तरी सांगतो, तुमच्या घरी असं एखादं अक्षर आलं, तर परत पाठवायची घाई नको. हातात घ्या, मुलाला विचारा, चुरगळलं तरी चालेल. फक्त खिळा शोधू नका.