साक्षीतून गाळलेलं नाव

रविवारी दुपारी दोन वाजता कटिंगमास्तर आरशासमोर उभे राहून देवाचे आभार मानण्याचा सराव करत होते.

चार वाजता घरी उपकारस्तुतीची प्रार्थना होती. पाळक येणार होते, मंडळीतली वीसेक माणसं येणार होती आणि देवाने आपल्याला कसं वाचवलं याची साक्ष मास्तरांना सगळ्यांसमोर द्यायची होती. चारचौघांत बोलायची त्यांना सवय नव्हती. म्हणून त्यांनी साक्ष कागदावर लिहून काढली होती आणि तीन दिवस मोठ्याने पाठांतर चालवलं होतं. "माझा हात आत जाणार तोच मशीन आपोआप थांबलं" या वाक्यापाशी आले की ते अडखळत. बायकोला वाटे, आठवणीने गळा दाटून येतो. ती हळूच पाण्याचा पेला आणून ठेवी.

गळा दाटून येत नव्हता. ते वाक्य खोटं होतं.

मास्तर छापखान्यात बावीस वर्षं कागद कापण्याच्या मशीनवर होते. त्या मशीनचं पातं खाली यायचं तर दोन बटणं दोन्ही हातांनी एकदम दाबावी लागतात. म्हणजे हात पात्याखाली राहूच शकत नाहीत. पण कामाची घाई असली की मास्तर डाव्या बटणात पुठ्ठ्याची पाचर ठोकून ठेवत आणि मोकळ्या झालेल्या डाव्या हाताने आतला कागद सारखा करत. काम दीडपट उरके. ही युक्ती साऱ्या खात्याला ठाऊक होती आणि विचारलं तर कुणीच ती पाहिलेली नव्हती.

मंगळवारी डावा हात आत असतानाच उजव्या हाताने बटण दाबलं गेलं. पात्याआधी कागद धरून ठेवणारी दाबपट्टी खाली आली आणि बोटं तिच्याखाली सापडली. पातं निघालं होतं. समोरच्या टेबलावर फर्म्यांच्या, म्हणजे छापून आलेल्या मोठ्या कागदांच्या, घड्या घालणाऱ्या मावशींनी ते पाहिलं. त्या ओरडत बसल्या नाहीत. पाठीमागच्या भिंतीवर मुख्य विजेचा खटका होता. तो त्यांनी खाली ओढला. पातं बोटांच्या चार अंगुळं वर थांबलं, दाबपट्टी सैल झाली. पण त्याच क्षणी शेजारच्या दालनातलं मोठं छपाईयंत्रही धक्क्याने बंद पडलं, कागदाचा रूळ फाटला आणि शाळांच्या पुस्तकांचं तातडीचं काम दोन दिवस मागे गेलं. त्या खटक्याला विजेच्या मिस्त्रीशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा कडक नियम होता.

व्यवस्थापक धावत आले तेव्हा मास्तरांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "देवाने वाचवलं, साहेब." ते मनापासून निघालं होतं. पण साहेबांनी विचारलं, म्हणजे हात आत होता का? तोवर पाचर मास्तरांच्या खिशात गेली होती. बावीस वर्षांची नोकरी त्यांच्या डोळ्यांपुढून सरकली. ते म्हणाले, नाही, हात आत जाणार तोच मशीन आपोआप थांबलं. मग बाईंनी खटका कशाला ओढला? मास्तरांनी खाली पाहिलं आणि म्हणाले, "घाबरल्या असतील."

दोनच शब्द. त्यांवर मावशींचं हजेरीचं कार्ड काढून घेऊन त्यांना घरी बसवण्यात आलं. सोमवारी दहा वाजता चौकशी होती. खटका ओढायला कारण नव्हतं असं ठरलं तर त्यांची अठरा वर्षांची नोकरी जाणार होती आणि पन्नाशी उलटलेल्या बाईला दुसरीकडे कोण उभं करणार? मास्तरांचा जबाब लिहून तयार होता. त्यात देवाची कृपा होती, आपोआप थांबलेलं मशीन होतं, फक्त मास्तरांची सही व्हायची राहिली होती. आज सकाळी चर्चला निघताना खात्याच्या फोरमनचा फोन येऊन गेला होता. लेखी दिलंय तेच बोल, एका शब्दाचा फरक नको, असं त्याने बजावलं होतं.

अडीच वाजता खुर्च्या मांडायला ताई आल्या. मास्तरांच्या या थोरल्या बहिणीने तीस वर्षं रुग्णालयात परिचारिका म्हणून काम केलं होतं. निवृत्तीनंतरही घरात शिरताच कोण फिकट दिसतंय, कोण लंगडतंय हे त्या आधी पाहत आणि नमस्कार मग करत. मास्तर खुर्ची उचलायला वाकले. ताईंनी त्यांचं मनगट धरलं, डाव्या हाताची पट्टी सोडली आणि हात खिडकीपाशी नेला.

"हे काय झालंय?"

"कपाटाचं दार लागलं."

"चारही बोटांवर एका रेषेत? फूटपट्टीने आखल्यासारखं?" ताईंनी बोटं उलटसुलट करून पाहिली. "अरे, दारात सापडलेली बोटं मी शेकड्यांनी पाहिलीत. दार दोन बोटं धरतं, फार तर तीन. कातडं सोलतं. हे वरून दाबलेलं आहे. आणि तुझा तर म्हणे हात आतच गेला नव्हता."

स्वयंपाकघरातून कपबशांचा आवाज येत होता. ताईंनी दार लोटून घेतलं आणि खुर्चीवर बसल्या. त्यांच्यासमोर मास्तर नेहमी आठवीतला मुलगा होत. पाच मिनिटांत पाचर, खटका, जबाब, सगळं बाहेर आलं.

"पण ताई, मी देवाचेच आभार मानतोय ना? त्याने वाचवलं हे खरंच आहे. ते तर खोटं नाही."

"खोटं नाहीच. देवाने वाचवलं. कुणाच्या हाताने, तेवढं तू गिळून टाकलंस."

"खरं सांगितलं तर मला काढतील."

"काढतील कदाचित. आणि नाही सांगितलंस तर तिला काढतील. तिने काय केलं होतं रे? तुझ्यासारखी पाचर ठोकली होती?" ताईंचा आवाज चढला नव्हता, उलट तो खाली आला होता. मास्तरांना त्याचीच जास्त भीती वाटे. "तू देवाला साक्षीदार का केलंस, ठाऊक आहे? तो काही उद्या दहा वाजता येऊन उलटतपासणीला उभा राहणार नाही, म्हणून. माणसाचं नाव घेतलं असतंस, तर लोकांनी त्या माणसाला विचारलं असतं."

मास्तरांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. त्यांना राग आला. खरं ऐकलं की येतो तसला. ताईंना काय जातं बोलायला, निवृत्तिवेतन चालू आहे, असं काहीतरी ते पुटपुटले.

"मी कुणाला सांगणार नाही," ताई उठत म्हणाल्या. "पाळकांना नाही आणि तुझ्या बायकोलाही नाही. ते तुझं काम. पण चार वाजता तू ते वाक्य म्हणालास, तर तुझ्या साक्षीला मी आमेन म्हणणार नाही. वीस माणसांत माझा एक आवाज कमी पडलेला कुणाला कळणार नाही. तुला कळेल."

चारला पाच मिनिटं कमी असताना खोली भरली. मास्तरांच्या बायकोने हौसेने साऱ्या खात्याला आमंत्रण दिलं होतं, पण खात्यातल्या बाकीच्यांना नेमकी त्याच दिवशी कामं निघाली होती. एकच बाई आली. दारात चप्पल काढून, पदर सावरून ती क्षणभर उंबऱ्यापाशी थबकली. मास्तरांनी पाहिलं. मावशी!

"मीच बोलावलं," बायको कौतुकाने त्यांच्या कानाशी कुजबुजली. "तुमच्या समोरच्याच टेबलावर असतात ना? किती दिवस त्यांचं नुसतं नाव ऐकतेय." आणि तिने मावशींना पहिल्या रांगेत, अगदी मास्तरांसमोर बसवलं. त्यांना घरी बसवल्याची गोष्ट तिच्या कानावरही नव्हती.

मावशींनी मास्तरांकडे रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी सरळ पाहिलं, मशीनपलीकडून रोज पाहत तसं. पगारी रजेवर असल्यासारखा चेहरा त्यांना जमत नव्हता आणि त्या जमवतही नव्हत्या. थकलेल्या दिसत होत्या.

गीत झालं. पाळकांनी प्रार्थना केली आणि मास्तरांना उभं राहायला सांगितलं. मास्तर उठले. कागद खिशात होता, तो त्यांनी काढला नाही. पाठच होतं सगळं.

"मंगळवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे कामावर होतो," ते म्हणाले. "घाई होती. माझा हात आत जाणार तोच..."

पुढे शब्द येईना. कुणीतरी भारावून "प्रभूची स्तुती असो" म्हटलं. मास्तरांनी ताईंकडे पाहिलं. त्या हातांची घडी घालून जमिनीकडे पाहत होत्या. मास्तरांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडले.

त्यांची दहा वर्षांची मुलगी सतरंजीवर पुढेच बसली होती. रविवारच्या शाळेत वचनं पाठ करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कुणी अडलं की पुढचा शब्द सांगायचा, हे तिथलं शिक्षण. आणि बापाची साक्ष तीन दिवस ऐकून तिला तोंडपाठ झाली होती. वचन म्हणावं तशा खणखणीत आवाजात ती म्हणाली, "मशीन आपोआप थांबलं. म्हणा ना, पप्पा. मशीन आपोआप थांबलं."

लोक हसले. मास्तर हसले नाहीत. आपलं खोटं त्यांनी आजवर फक्त स्वतःच्या आवाजात ऐकलं होतं आणि त्या आवाजाला सवय झाली होती. आता ते लेकीच्या तोंडून आलं होतं, एकाही अडखळण्याशिवाय, पूर्ण विश्वासाने! देवाच्या वचनांच्या शेजारी तिने ते जपून ठेवलं होतं.

"नाही गं," मास्तर म्हणाले. "आपोआप नाही थांबलं."

मग त्यांनी सांगितलं. नीट सांगता आलं नाही. पाचर आधी आली, मग खटका, मग पुन्हा पाचर. पण हात आत होता, हे सांगितलं. मावशींनी तो वाचवला आणि आपण त्यांनाच खोटं पाडलं, हेही सांगितलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात किटली घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली. वीस माणसांपैकी एकानेही आमेन म्हटलं नाही. साक्ष संपली की नाही, हेच कुणाला कळत नव्हतं.

ताई म्हणाल्या, "आमेन."

मास्तर मावशींकडे वळले आणि हात जोडले. त्यांना वाटलं, आता त्या रडतील, किंवा म्हणतील, जाऊ द्या मास्तर, झालं ते झालं. मावशी उठून उभ्या राहिल्या.

"हे उद्या दहा वाजता म्हणाल का?" त्यांनी विचारलं. "इथे सगळी आपलीच माणसं आहेत, मास्तर. इथे खरं बोलल्याने माझं कार्ड परत मिळणार नाही."

चहा न घेता त्या गेल्या. मास्तरांना आयुष्यात त्यांच्याइतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं. त्या संध्याकाळी बायको त्यांच्याशी बोलली नाही. ताट वाढलं, एवढंच. फोरमनचे तीन फोन येऊन गेले आणि मास्तरांनी एकही उचलला नाही. त्यांचा निश्चय झाला होता असं मात्र नाही. सोमवारी सकाळी साडेनऊलासुद्धा, छापखान्याच्या फाटकातून आत जाताना, पोटदुखीचं निमित्त सांगून परत फिरावं असं त्यांच्या मनात दोनदा आलं. दोन्ही वेळा त्यांना लेकीचा तो खणखणीत आवाज ऐकू आला.

चौकशीच्या खोलीत टेबलापलीकडे तिघे बसले होते. एका कडेला मावशी होत्या. मास्तरांनी खिशातून पुठ्ठ्याची पाचर काढून टेबलावर ठेवली आणि डावा हात तिच्या शेजारी पालथा टेकवला. चार बोटांवरची रेघ आता काळीनिळी पडली होती. मशीनचं ज्ञान असलेल्या माणसांना त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. फोरमन खिडकीबाहेर बघू लागला.

जुना जबाब रद्द करून नवा लिहायला घेतला. लिहिणारे कारकून सवयीने विचारते झाले, "देवाच्या कृपेने माझा हात वाचला, हे वाक्य आता काढू ना?"

"ठेवा," मास्तर म्हणाले. "तेवढं पहिल्यापासून खरं होतं. पुढे लिहा, ती कृपा मावशींच्या हातून झाली. त्यांनी खटका ओढला नसता तर आज सहीला एकच हात उरला असता."

मावशींनी तेव्हा पहिल्यांदा मान वळवली. "सही उजव्याने करता तुम्ही," त्या म्हणाल्या. "उरला असता तोच. करा लवकर."

मावशी दुसऱ्या दिवशी कामावर आल्या. मास्तरांना महिनाभर घरी बसावं लागलं आणि परतल्यावर कटिंग मशीन दुसऱ्याला गेलं होतं. आता ते गठ्ठे बांधण्याच्या खात्यात आहेत. सगळ्या मशीनांची तपासणी झाली तेव्हा आणखी तीन पाचरी सापडल्या. त्या ठोकणाऱ्या तिघांनी मास्तरांशी बोलणं टाकलं आहे. मावशी बोलतात. फार नाही, पण बोलतात. आणि मास्तरांना आतापर्यंत कधी लागत नव्हती तशी, आडवं पडताक्षणी झोप लागते.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी रोज देवाचे आभार मानले जातात आणि ते मानलेच पाहिजेत. पण त्याची कृपा आपल्यापर्यंत सहसा कुणाच्या तरी हातून येते. कधी घरात राबणाऱ्या माणसाच्या, कधी समोरच्या टेबलावर घड्या घालणाऱ्या बाईच्या. त्या माणसाचं नाव घेताना आपली चूक उघडी पडत असेल, नुकसान होत असेल, तरी ते गाळू नका. माणसाला झाकण्यासाठी देवाचं नाव पुढे करणं याला कृतज्ञता म्हणत नाहीत. आणि ज्या श्रद्धेला सोमवारी सकाळी दहा वाजता उभं राहता येत नाही, ती रविवारी दुपारी चारला कितीही सुरेल वाटली, तरी आपल्या लेकरांच्या तोंडी देण्याजोगी नसते.