फोन कुणाचा होता

या, पुढे सरकून बसा, चटईवर जागा आहे. आमच्या टोंगा बेटांवरच्या एका रविवारची गोष्ट सांगतो. ऐकताना हसू आलं तर हसा, पण अर्ध्यावर उठून जाऊ नका.

चर्च गच्च भरलं होतं. आमच्याकडचा उपदेश म्हणजे नुसतं बोलणं नव्हे. शेवटाकडे तो चालीवर चढतो, बायका मधून मधून हुंकार देतात, पाळकांचा आवाज वर जात जात असा एका टोकाला येतो की तिथून पुढे गाण्यालाच जागा असते. नेमक्या त्या क्षणी गायकवृंदाने स्तोत्र उचलायचं. वृंदाचा मास्तर होपोआते छडी घेऊन उभा राहिला. चर्चला येताना आम्ही कमरेला चटई गुंडाळतो, तिच्या घडीतून त्याने फोन काढला. पहिला सूर तो फोनमधून घ्यायचा आणि चारी आवाजांना वाटून द्यायचा. त्या दिवशी बोट पडद्यावरच्या शेजारच्या खुणेवर पडलं.

फोनमधून एक बाई बोलू लागली, सावकाश, मऊ इंग्रजीत.

"तुम्ही एकटे नाही. छातीवर हात ठेवा. श्वास आत घ्या."

सूर सगळ्यांना ऐकू जावा म्हणून आवाज मोठा करून ठेवलेला. बाई थेट मागच्या बाकापर्यंत पोचली. तिथल्या एका म्हाताऱ्याने तर खरोखरच छातीवर हात ठेवला.

होपोआते गावच्या पाण्याच्या पंपावर कामाला होता. ज्या वर्षी समुद्रातला ज्वालामुखी फुटून लाट गावात शिरली, त्या वर्षापासून त्याची छाती अधूनमधून आवळून यायची. समुद्र जरा जोरात वाजला की हात गार पडायचे. ऑकलंडला असलेल्या लेकीने हे ओळखलं आणि सुट्टीत आली तेव्हा त्याच्या फोनवर घाबरल्या जिवाला श्वास घ्यायला शिकवणारं एक फुकटातलं अॅप घालून दिलं. पहाटे पंप सुरू करायचा आणि त्याच्या घरघरीत कुणाला कळणार नाही असं त्या बाईचं ऐकायचं, हा त्याचा नेम झाला होता.

लपवायला कारण होतं. लाटेनंतर वाइओला मावशीही अशीच थरथरायची. वृंदात बायकांच्या खालच्या आवाजाची ती म्होरकी, पण वर्षभर गाण्याला आली नाही. परतली त्या दिवशी सगळ्यांसमोर होपोआते तिला म्हणाला होता, देवावर भार टाकला असता तर हात थरथरले नसते. आणि आता हे. लोकांना कळलं तर कुठल्या तोंडाने छडी धरायची?

त्याने फोन बंद केला, घडीत खुपसला, आणि वाइओला मावशीकडे वळून म्हणाला, "मावशी, फोन टोपलीत ठेवून यायचं ठरलंय ना?"

हा नियम त्याचाच. दाराशी टोपली ठेवलेली, गाणाऱ्या सगळ्यांचे फोन तिच्यात, आत फक्त मास्तरांचा. बोलता बोलता त्याची नजर टोपलीकडे गेली. सगळ्यात वर मावशीचा फोन होता, गावाला ओळखीच्या पिवळ्या पिशवीत. सगळं चर्च तिकडेच बघत होतं.

मावशीने टोपलीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"चुकलं माझं, मास्तर," ती म्हणाली, आणि स्वतःच्या गळ्यातून पहिला सूर दिला. वृंदाने तो उचलला.

कुणी हसलं नाही. पाळकांनी जाताना खांद्यावर हात ठेवून गाणं छान झालं म्हटलं. घरी जमिनीतल्या भट्टीतून निघालेलं जेवण समोर आलं, अळूच्या पानात बांधलेलं मटण, नारळाच्या दुधाचा वास सुटलेला. बायको, लुपे, समोर बसली.

"पहाटे पंपावर तुझा नवरा कुठल्या बाईशी बोलतो गं, असं शेजारणी विचारायच्या," ती म्हणाली. "चला, एक घोर मिटला." मग ताट पुसता पुसता म्हणाली, "पण मावशीला का पुढे केलंस?"

तो उठून हात धुवायला गेला.

आठवडाभर लोक पंपावर येत, आजाऱ्याच्या घरात बोलावं तसं हळू बोलत, आणि पाणी सुटलं की निघून जात. एकाने तरी टोमणा मारला असता तर त्याला बरं वाटलं असतं. आपण आजारी आहोत हे गावाला कळलं, ते एक वेळ सोसलं असतं. पण जिला कधी दुबळी म्हणालो तिच्याच पदराआड लपलो, आणि तिने लपू दिलं, हे त्याला राहून राहून आठवे आणि एकटा असला तरी तो मान खाली घाली.

गुरुवारी त्याने इफीच्या झाडाची पानं तोडली, माळ करून गळ्यात घातली, कमरेला फाटकी चटई गुंडाळली. आमच्याकडे हा वेष एकाच कामासाठी असतो: गुन्हा कबूल करायला. भर दुपारी, सगळ्या दारांसमोरून तो चालत गेला आणि वाइओला मावशीच्या अंगणात मान खाली घालून बसला. झाडाच्या सालीचं कापड कुटत बसलेल्या बायकांचे हात थांबले. मावशी उठून आली तशा त्या गुपचूप आत गेल्या.

"फोन माझा होता," तो म्हणाला.

"ते सगळ्या चर्चला माहीत आहे."

"लाटेनंतर मी तुम्हाला जे बोललो..."

"ते किती लागलं, ते मात्र फक्त मला माहीत आहे."

 मग ती त्याच्याच पातळीवर, जमिनीवर बसली.

"ती बाई आपल्या भाषेत बोलते का रे?"

"नाही. इंग्रजीत."

"मग तुला कळतं?"

"सगळं नाही कळत," तो म्हणाला. "पण ती रागावत नाही."

मावशीने नजर दुसरीकडे नेली. क्षमा करायची तर तिने आता ती माळ उतरवायची, अशी रीत. होपोआतेची मान खालीच होती, वाट बघत.

"पानं मी आज उतरवणार नाही," ती म्हणाली. "राहू देत. पण ऊन फार आहे, सावलीत ये. आणि लाव तुझी ती बाई, बघू काय म्हणते."

फणसाच्या सावलीत दोघं बसली, मधे जमिनीवर फोन. बाईने श्वास आत घ्यायला सांगितलं. होपोआतेच्या गळ्यातली पानं वर झाली, खाली झाली. मावशीने साल कुटून डाग पडलेला हात आपल्या छातीवर ठेवला.

आज प्रार्थनेला बसाल तेव्हा पुष्कळांची नावं घ्याल. त्यांत वाइओला मावशीचं घाला. ती घरात थरथरत होती त्या अख्ख्या वर्षात आमच्यापैकी कुणीच ते घेतलं नव्हतं.