माघीचं दळण आणि माझा डबा

मी एक जुनी पिठाची गिरणी आहे, एवढं मला नक्की ठाऊक आहे. पण मी कोणाची, असं विचाराल मित्रांनो, तर माझा अजूनही गोंधळ उडतो.

टेम्पोत बसून, घाटाची वळणं घेत मी सूर्यमाळच्या एका पाड्यावर आले. बायकांच्या बचत गटाने मला आणलं होतं. नारळ फुटला, हळदकुंकू लागलं, मी फुलून गेले! माझं पीठ किती बारीक येतं म्हणून जो तो कौतुक करायचा. पुढे काय बिनसलं कोण जाणे. मी सगळ्यांची होते, म्हणून मला तेल घालायचं काम प्रत्येकीला दुसरीचं वाटे. शेवटी गट मोडला आणि माझ्या दगडांवर कोळ्यांनी जाळी विणली. फार वाईट दिवस होते ते.

मग पाड्यावरच्याच प्रमिलाने मला विकत घेतलं. एकटीने! हातातली चांदीची कडी मोडून तिने मला आपल्या पडवीत उभं केलं. आता तरी मी एकीची झाले, असं वाटलं. कसचं काय! बायका नागली आणायच्या, दळून न्यायच्या आणि पैसे न देताच निघायच्या. त्यांचंही चुकत नव्हतं. लावणीला एकमेकींच्या शेतात राबायचं आणि पैशाचं नाव काढायचं नाही, ही इथली रीत. शेजारची माघी तर हसून सांगायची, की तुझ्या लावणीला मी येईनच. प्रमिला तिलाही दळून द्यायची. पण लावणी करून विजेचं बिल थोडंच भरतं? मला काही उमगेना.

एक दिवस माझा पट्टा तुटला. गटाला सांग, असं माघीने सुचवलं.

"गट नाय आता," प्रमिला म्हणाली. "मीच हाय."

तिने शेळी विकली, एसटीने जव्हार गाठलं आणि नवा पट्टा आणला. आता विकण्यासारखं घरात काही उरलं नव्हतं. हाही तुटला असता, तर मी कायमची बंद पडणार होते.

दुसऱ्या दिवशी बायका डोक्यावर दळणं घेऊन हजर. प्रमिलाने आधी स्वतःची नागली दळली. मग कनवटीचे पैसे काढून माझ्या शेजारच्या रिकाम्या डब्यात टाकले. मी चक्रावले. मालकीणच दळणाचे पैसे देते? आणि कोणाला?

माघीलाही तेच कोडं पडलं होतं. "तुझीच गिरणी ना? मग पैसं कोणाला देते?"

"गिरणीला," प्रमिला म्हणाली. "तिला शेत नाय, माघी. तिला पट्टा लागतो."

माघीने आपली नागली माझ्या तोंडात ओतली. तिचं दळण झालं. मग तिने पदराची गाठ सोडली आणि डब्यात नाणं वाजलं. मागच्या बायकाही आपापल्या गाठी चाचपू लागल्या.

तेव्हापासून मी बंद पडले नाही. पण मी प्रमिलाची, पाड्याची, की माझी मीच? विचार करून डोकं गरगरतं. मित्रांनो, तुमच्या गावातही सगळ्यांची म्हणून एखादी गिरणी गंजत पडली असेल. ती कोणाची, ते मागाहून ठरवा. आधी तिला थेंबभर तेल घाला.