साठीनंतरचा करार

“हा ‘सुईदोरा चित्र’ कोणाचा म्हणायचा?” जावक कारकुनाने डब्याच्या झाकणाला टेकवून मोबाइल उभा केला. “मागच्या आठवड्यात एक्केचाळिसावा होता, आता चौदावा. चौदावा! अख्ख्या जगात!”

त्रुटीसाहेबांनी खेळाच्या यादीकडे पाहिलं आणि घास तोंडात ठेवूनच म्हणाले, “असेल कोणीतरी रिकामटेकडं पोरगं. दिवसभर तेच करत बसत असेल.”

“आणि तुमचा कितवा?”

“मी यादी बघत नाही.”

यादी ते रोज बघत. त्यांचा ‘सम्राट चित्र’ तीन हजार एकशे बाराव्या जागी होता. आणि ‘सुईदोरा चित्र’ त्यांच्याच घरात, त्यांच्याच संगणकावर, त्यांच्याच खुर्चीत बसून त्यांची बायको चालवत होती. एवढी साधी गोष्ट सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य त्यांनी घासाबरोबर गिळलं.

त्रुटीसाहेब हे नाव कचेरीने दिलेलं. नळजोडणीचा अर्ज त्यांच्या टेबलावर यायचा. त्यात काय कमी आहे ते तांबड्या शाईने लिहायचं आणि अर्ज परत पाठवायचा, एवढं त्यांचं काम. जोडणी मंजूर करणार वरचे साहेब, खड्डा खणणार कंत्राटदार, पाणी सोडणार चावीवाला. सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून एकही गोष्ट सुरू झाली नव्हती. थांबल्या मात्र पुष्कळ.

मुलगी लग्न होऊन गेली तेव्हा तिचा संगणक मागे राहिला आणि त्यात हा खेळ. चित्रपट कंपनी चालवायची. लेखक नेमायचा, नटनट्या निवडायच्या, कोणता चित्रपट कोणत्या महिन्यात झळकवायचा ते ठरवायचं, आणि सगळं मनासारखं झालं की बटण दाबून पुढचा महिना आणायचा. पडद्यावरची माणसं बोटभर उंचीची. पण त्यांच्या डोक्यावर लहानशी फीत तरंगायची, ‘मालकांच्या निर्णयाची वाट पाहत आहे.’ पहिल्यांदा ती फीत वाचली त्या दिवशी त्रुटीसाहेबांनी पाच मिनिटं काहीच दाबलं नाही. नुसतं वाट पाहू दिलं.

जावक कारकुनाला हा खेळ आवडायचा तो पोस्टरांसाठी. चित्रपट चालो न चालो, तो अक्षरं तिरकी करण्यात रमायचा. त्रुटीसाहेबांना पोस्टरशी घेणंदेणं नव्हतं. त्यांना हवी होती शेवटची सही. त्यांची पद्धतही ठरलेली होती. दोन चित्रपट पडले की नट बाहेर. चाळिशी दिसू लागली की नटी बाहेर. कोणी मागण्या करू लागलं की करार रद्द करायचा, महिनाभर ताटकळत ठेवायचं आणि मऊ झालं की परत घ्यायचं. या शेवटच्या युक्तीवर त्यांचा विशेष जीव. ‘धडकी’, ‘महाधडकी’, ‘धडकी पुन्हा’ असे चित्रपट निघत, दोन आठवडे चालत आणि उतरत.

बायकोला या खेळात त्यांनीच आणलं. ती घरी कपडे दुरुस्त करून द्यायची. कोणाची बाही आखूड कर, कोणाची कंबर सैल कर. वर्षापूर्वी कचेरीला जाताना ते म्हणाले होते, “अगं, दुपारी तेवढा महिना पुढे ढकलून ठेव.” तिने ढकलला. संध्याकाळी ते चपला काढत होते तोच तिने विचारलं,

“अहो, त्या बाईला का काढलं?”

“कोणत्या?”

“हिरव्या साडीतल्या. हसते छान.”

“चाळीस झाली ती.”

“मग?”

दुसऱ्या दिवशी बायकोने स्वतःची वेगळी कंपनी उघडली आणि हिरव्या साडीतल्या बाईला पहिल्याच चित्रपटात नायिका केलं.

सुरुवातीला त्रुटीसाहेबांना गंमत वाटली. मग ‘अर्धी बाही’ पंचवीस आठवडे चालला, तेव्हा ते म्हणाले, “नवख्यांना खेळ जरा सवलत देतो.” मग ‘मापं चुकलेली माणसं’ला वर्षाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी सम्राट चित्रचं कपाट उघडून बघितलं. सम्राट चित्रला खेळातली एक्केचाळीस वर्षं झाली होती आणि कपाटात होतं एकच प्रशस्तिपत्र, उत्कृष्ट ध्वनीसाठी.

रोज घरी आल्यावर ते सहज विचारल्यासारखं विचारत.

“काय, आज काय केलंस कंपनीत?”

“काही नाही हो. मास्तर आजारी होते, शूटिंग थांबवलं.”

“थांबवलं? आणि बाकीचे सगळे बसून राहिले?”

“आजारी माणसाला उभं करू का मग?”

“अगं, आजारी म्हणजे काय, तो एक आकडा असतो. लाल झाला तरी चालतं काम.”

“हो का?” ती दाताने दोरा तोडत म्हणायची. “मला आकड्यांमधलं नाही कळत.”

आकड्यांमधलं न कळता चौदावा नंबर आला होता. हीच गोष्ट त्यांना खुपत होती. तिला कळत असतं तर त्यांनी एकवेळ सहन केलं असतं.

आणि हे मास्तर! नायकाचं नाव तिने ‘मास्तर’ ठेवलंय, एवढं बोलण्यातून कळलं होतं. खेळातली नावं बदलता येतात. पण हे नाव त्रुटीसाहेब संसाराची चोवीस वर्षं ऐकत आले होते. लग्नाआधी ती ज्यांच्याकडे कपडे बेतायला शिकली ते शिंपी मास्तर. ‘मास्तर म्हणायचे, आधी कापड हातात घेऊन बघ.’ ‘मास्तर म्हणायचे, माणूस श्वास घेतो, तेवढी जागा ठेव.’ त्रुटीसाहेबांनी त्यांना एकदाच पाहिलं होतं, स्वतःच्या लग्नात. पाय ओढत चालणारा, कानामागे खडू खोचलेला किरकोळ माणूस. नवऱ्या मुलाचा कोट त्यांनी शिवला होता, माप न घेता, लांबून एकदा बघून. कोट अंगाला अचूक बसला. तेव्हापासून ते त्रुटीसाहेबांना आवडले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी मास्तर वारल्याचं कळलं ते आठ दिवसांनी. ती जायला निघाली होती. त्रुटीसाहेबांनी तारखा मोजून दाखवल्या होत्या. “आठ दिवस झाले. आता जाऊन करणार काय?” तिने पिशवी परत खुंटीला लावली होती.

चौदाव्या नंबरच्या दुसऱ्या दिवशी त्रुटीसाहेबांनी अर्ध्या दिवसाची रजा घेतली. अर्जात एकही त्रुटी नव्हती. मोठी ऑर्डर पोचवायला बायको दुपारी बाहेर जाणार, हे सकाळी बोलण्यात आलं होतं. घरी आले, हातपाय न धुता खुर्चीत बसले आणि ‘सुईदोरा चित्र’ उघडलं. गुपित काढायचंच, असं ठरवून आले होते.

गुपित काही सापडेना. लेखक बेताचा. कॅमेरा जुना. मग त्यांनी माणसांची यादी उघडली आणि तिथेच थांबले.

तेवीस माणसं, आणि एकूण एक ओळखीची. हिरव्या साडीतल्या बाईला तिने सासूचं नाव दिलं होतं, म्हणजे त्रुटीसाहेबांच्या आईचं. वरच्या मजल्यावरची परिचारिका वेशभूषा बघत होती. मुलगी दिग्दर्शक. जावई तिच्या हाताखाली, हे बरं होतं. दूधवाला खलनायक. आणि जावक कारकून! एकदा, फक्त एकदा तो घरी आला होता, भिंतीवरच्या चित्राचं कौतुक करून गेला होता, आणि तेवढ्यावर त्याला विनोदी भूमिका आणि दोन गाणी!

त्यांनी यादी वरून खाली वाचली. मग अर्ज तपासतात तशी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून खालून वर वाचली. त्यांचं नाव नव्हतं.

सगळ्यांत वर मास्तर. वय एकसष्ट. चित्रपट अकरा. मधले चार पडलेले, तरी करार चालूच. कधी न्यायाधीश, कधी जहाजाचा कप्तान, कधी नायिकेचा बाप. आता ‘दुहेरी शिलाई’ नावाचा बारावा चालू होता, निम्मं चित्रीकरण झालेलं. समाधान शंभरपैकी शंभर. त्रुटीसाहेबांनी शंभर हा आकडा या खेळात कधी पाहिला नव्हता. त्यांच्या लोकांचं समाधान पस्तिसाच्या वर जात नसे.

“शंभर,” ते मोठ्याने म्हणाले. “लाडच आहेत सगळे.”

आणि त्यांनी मास्तरांच्या नावावर बोट नेलं. मनात वाईट असं काही नव्हतं. म्हणजे होतं, पण अर्ध्या तासापुरतंच. करार रद्द करायचा, म्हाताऱ्याला जरा दारात उभं करायचं, आणि ती यायच्या आत परत घ्यायचं. शंभरचे सत्तर झाले असते, बस. ही युक्ती त्यांनी शेकडो वेळा केली होती.

‘करार रद्द करायचा?’ खेळाने विचारलं.

होय.

पडद्यावरचा बोटभर मास्तर वळला आणि चालू लागला. पाय ओढत चालतो आहे असं वाटलं, पण ते संगणक जुना असल्यामुळे. दारापाशी पोचला आणि एक चौकट उघडली: ‘वय साठपेक्षा अधिक. कलावंत निवृत्त झाला. पुन्हा करार करता येणार नाही.’

त्रुटीसाहेबांनी ती ओळ वाचली. मग ‘परत’ असं बटण शोधलं. नव्हतं. बाहेर पडून पुन्हा उघडलं. खेळ प्रत्येक निर्णय आपणहून जपून ठेवतो, तसा हाही ठेवला होता. हा नियम त्यांना ठाऊकच नव्हता. एक्केचाळीस वर्षांत सम्राट चित्रमध्ये कोणी पंचेचाळिशी गाठली नव्हती. साठीचा नियम दिसणार कुठून?

संगणक बंद करून कचेरीत परत जावं, असं एकदा वाटलं. तेवढ्यात दाराची कडी वाजली.

“अहो? तुम्ही एवढ्यात कसे?”

“डोकं दुखत होतं.”

तिच्या हातावर दुरुस्तीला आणलेल्या कपड्यांचं नवं गाठोडं होतं. ते खाली न ठेवताच ती जवळ आली आणि उभ्या उभ्याच पडदा वाचू लागली. ती सावकाश वाचायची, ओठ हलवत.

“मास्तर गेले?”

“होतं असं कधीकधी खेळात,” त्रुटीसाहेब म्हणाले.

“आपोआप नाही होत.” तिचा आवाज चढला नाही, पडलाही नाही. “साठीनंतर करार मोडला की माणूस जातो. मोडला नाही तर राहतो. म्हणून तर मी मोडत नव्हते.”

“मला माहीत नव्हतं.”

हे बोलून गेल्यावर आपण काय कबूल केलं ते त्यांच्या लक्षात आलं. तिच्या ते आधीच आलं होतं.

“तुम्हाला कसं माहीत असणार,” ती म्हणाली.

यात टोमणा असता तर बरं झालं असतं, टोमण्याला उत्तर देता येतं. त्रुटीसाहेबांनी खुर्ची थोडी मागे सरकवली आणि दुसऱ्याच दाराने आत शिरायचा प्रयत्न केला.

“सगळं गाव घेतलंस. दूधवाला घेतलास. माझं नाव कुठे आहे?”

“घेतलं होतं की.”

“कधी?”

“अगदी पहिल्यांदा. व्यवस्थापक केलं होतं. ‘काटेकोर’ असा गुण असलेला एक जण मिळाला, त्याला तुमचं नाव दिलं. दोन महिन्यांत तिघी सोडून गेल्या. तुमच्या आई पण.”

“मग?”

“मग तुम्हाला लेखक करून बघितलं, तर लिहून होईना. काय काम द्यावं, तेच सुचेना हो. शेवटी राहू दिलं.”

ती हसली नाही. हसली असती तर तेही हसले असते, आणि गोष्ट तिथेच मिटली असती. अशा पुष्कळ गोष्टी त्या घरात तशा मिटल्या होत्या. पण तिने गाठोडं दुसऱ्या हातावर घेतलं.

“मला आज तीन पँटी द्यायच्यात,” ती म्हणाली, आणि आतल्या खोलीत गेली. जरा वेळाने शिलाई यंत्र सुरू झालं. नेहमीसारखंच चालत होतं, थांबत होतं, पुन्हा चालत होतं. त्रुटीसाहेब कान देऊन ऐकत होते, की एखादा टाका तरी रागाने पडतो का. एकही पडला नाही.

पडद्यावर ‘दुहेरी शिलाई’चा सेट तसाच उभा होता. त्यांची आई, दूधवाला, जावक कारकून, वरच्या मजल्यावरची परिचारिका, सगळे आपापल्या जागी. त्यांच्या मधोमध एक पांढरा गोल, जिथे नायक उभा राहतो. खाली चौकट आली होती: ‘चित्रीकरण खोळंबले आहे. नवा कलावंत नेमा. नाव:’

जागा रिकामी होती. ती करून घेतली होती त्यांनीच.

त्रुटीसाहेबांनी आतल्या दाराकडे एकदा पाहिलं. मग एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, त्यांनी चौकटीत स्वतःचं नाव लिहिलं. आधी नुसतं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव, अर्जावर असतं तसं पूर्ण. चष्मा कपाळावर सरकवून लांबून बघितलं. शुद्धलेखन बरोबर होतं. कुठे काही राहिलं नव्हतं.

‘होय’वर बोट ठेवलं आणि ते तसंच राहिलं. सेटवरची माणसं वाट पाहत होती. कोणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बोटभर चेहऱ्यांवर तेवढी जागाच नसते.

मग त्यांनी आडनावापासून सुरुवात केली, आणि एकेक अक्षर मागे घेत चौकट पुन्हा कोरी केली.